जनरेटरची फ्रिक्वेन्सी मोजायला घेतली अन् कर्नलच्या घड्याळापाशी अडकलो : कामाच्या नोंदी

१२ एप्रिल, सावदा

काम काय ते आधी सांगतो. मावसभाऊ, आम्ही दादा म्हणतो, त्याचं केळी पिकवायचं चेंबर आहे. लाईट गेली की चेंबर जनरेटरवर चालतं, अन् या उन्हाळ्यात लाईट कधी जाईल ते कोणीच सांगू शकत नाही. कॉम्प्रेसर चालू होतो तेव्हा जनरेटर दबतो, आवाज बदलतो, दोनदा कॉम्प्रेसरचं रिले ट्रिप झालंय. मिस्त्री म्हणतो गव्हर्नर (इंजिनचा वेग धरून ठेवणारा भाग) ठीक आहे, दादा म्हणतो ठीक नाही. बाहेर ४४ डिग्री असताना आत १६-१७ डिग्री धरून ठेवायचं असतं, एक रात्र कूलिंग गेलं तर पूर्ण चेंबरचा माल एकदम पिकतो, म्हणून ही भांडणं तोंडी मिटणारी नाहीत, आकडा पाहिजे.

आकडा म्हणजे एकेका सायकलची फ्रिक्वेन्सी. ५० हर्ट्झ म्हणजे एक सायकल २० मिलिसेकंद. ४८ हर्ट्झला २०.८३. मल्टिमीटर दाखवतो ती सरासरी, त्याच्यात दोन-तीन सायकलचा दबका दिसतच नाही. म्हणून प्रत्येक सायकलची वेळ टिपणारं यंत्र बनवायचं ठरवलं.

सामान : जुना ६४ बिट आर्म बोर्ड, म्हणजे एका पाटीवरचा छोटा कॉम्प्युटर (जळगावच्या गोलाणी मार्केटातून सेकंडहँड, १८०० रुपये, कंपनीचं नाव लिहीत नाही), २३० ते ९ व्होल्टचा छोटा ट्रान्सफॉर्मर १६० रुपये, पीसी८१७ ऑप्टोकपलर (तार न जोडता प्रकाशाने सिग्नल पलीकडे नेणारा छोटा भाग), एक १एन४००७ डायोड, रेझिस्टर, डबी. सगळं मिळून २२०० च्या आत. ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला फ्यूज टाका अन् डबी बंद केल्याशिवाय प्लग लावू नका, हे करणाऱ्या प्रत्येकाला सांगणं आहे.

१३ एप्रिल

जोडणी झाली. ऑप्टोकपलरचा आउटपुट जीपीआयओ पिनवर (बोर्डाची सिग्नल घ्यायची पिन), पुल-अप ३.३ व्होल्टला, प्रत्येक सायकलला एक पडती कड (सिग्नल वरून खाली येतो तो क्षण) मिळते अन् कर्नल, म्हणजे बोर्डावरच्या लिनक्सचा गाभा, त्या कडेला वेळेचा शिक्का मारून देतो. प्रोग्रॅम सी मध्ये लिहिलेला, छोटाच आहे. त्याच्यात मुद्दाम एक गोष्ट ठेवली की नुसती फ्रिक्वेन्सी दाखवायची नाही, सोबत चूक किती असू शकते तेही दाखवायचं, नाहीतर मिस्त्री पहिलाच प्रश्न विचारेल की तुझं यंत्र बरोबर कशावरून. ती चूक काढायला प्रोग्रॅम कर्नलला विचारतो की तुझ्या घड्याळाचा सगळ्यात लहान टप्पा किती. त्यासाठी क्लॉक_गेटरेस नावाचा कॉल आहे, त्याचं कामच ते.

एमएसईबीच्या लाईनवर लावून पाहिलं. ४९.९७, ४९.९८, ४९.९७. चूक : कमी-जास्त ०.०००००२५ हर्ट्झ. सोळा रुपयांच्या ऑप्टोकपलरवर एवढी अचूकता येणं शक्य नाही. कर्नल म्हणतोय टप्पा १ नॅनोसेकंद, अन् त्याच्यावरून हिशेब तसाच येतो.

१६ एप्रिल

बोर्ड चेंबरवर न्यायचा म्हणून प्रोग्रॅम स्टॅटिक करून घेतला, म्हणजे दुसऱ्या कार्डावर टाकला तरी लायब्ररीची कटकट नको. आधीचा बिल्ड जीलिबसी या नेहमीच्या सी लायब्ररीचा होता, हा मसल या दुसऱ्या सी लायब्ररीने बिल्ड केला. तोच बोर्ड, तोच कर्नल, तीच तार, तोच कोड.

स्क्रीनवर आलं : ४९.९७, चूक कमी-जास्त १०.००००००० हर्ट्झ.

दादा शेजारीच उभा होता. "भो, ५० मध्ये १० कमी-जास्त म्हणजे चाळीस बी असू शकते अन् साठ बी, मग मोजू काय राहिला तू?" बरोबर आहे त्याचं. मसलवाल्या बिल्डला कर्नलने टप्पा सांगितला ४०००००० नॅनोसेकंद, म्हणजे ४ मिलिसेकंद. २० मिलिसेकंदाच्या सायकलमध्ये ४ म्हणजे पाचवा हिस्सा, ५० चा पाचवा हिस्सा १०.

एकच कर्नल, एकाच मिनिटाला, एकाला सांगतो १ अन् दुसऱ्याला ४० लाख. अन् मधला वाचलेला आकडा, ४९.९७, दोघांचा सारखाच! त्या रात्री जनरेटर लावायचा होता, तो तसाच राहिला.

१७ एप्रिल

एसट्रेस लावला, प्रोग्रॅम कर्नलला काय काय विचारतो ते दाखवणारं साधन. इथे पहिला धागा सापडला.

मसलच्या बिल्डमध्ये क्लॉक_गेटरेस एसट्रेसमध्ये दिसतो, परत आलेला आकडा पण दिसतो, ४००००००. जीलिबसीच्या साध्या बिल्डमध्ये तो कॉल एसट्रेसमध्ये दिसतच नाही. प्रोग्रॅम कॉल करतोय, उत्तर मिळतंय, पण कर्नलच्या दारापर्यंत कोणी गेलेलंच नाही.

ज्यांनी हे पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : वेळ विचारायला दरवेळी कर्नलमध्ये जायला लागू नये म्हणून कर्नल प्रत्येक प्रोग्रॅमच्या मेमरीत एक छोटं पान टांगून ठेवतो, त्याला व्हीडीएसओ म्हणतात. वेळ विचारली की उत्तर त्या पानातल्या कोडमधूनच मिळतं, सिस्टीम कॉल (थेट कर्नलमध्ये जाऊन विचारणं) होत नाही, म्हणून एसट्रेसला काही दिसत नाही. आर्म ६४ वर जीलिबसी क्लॉक_गेटरेससाठी हे पान वापरते. मसल वेळ वाचायला पान वापरते पण क्लॉक_गेटरेससाठी सरळ सिस्टीम कॉल करते. म्हणजे मी ज्याला एकच प्रश्न समजत होतो तो दोन वेगळ्या ठिकाणी विचारला जात होता.

हे पटवायला जीलिबसीच्याच बिल्डमध्ये सिस्कॉल फंक्शन वापरून तोच कॉल मुद्दाम कर्नलच्या दारातून आत पाठवला. ४००००००. मग लायब्ररीचा दोष नाही, कर्नलच्याच दोन तोंडांची दोन उत्तरं आहेत.

पायथॉनमध्ये काम करणाऱ्यांनी पण लक्ष द्या, टाइम मॉड्यूलमधल्या गेट_क्लॉक_इन्फोने जो रेझोल्यूशन येतो तो याच कॉलमधून येतो. माझ्या बोर्डावर तिथेही १ नॅनोसेकंदच आला.

२० एप्रिल

आता खरं कोण? बोर्डावरचा कर्नल ४.९, विकणाऱ्याने दिलेला तोच. त्याचा सोर्स काढून वाचला, दुपारी लाईट नव्हती म्हणून लॅपटॉपच्या बॅटरीवर जेवढं झालं तेवढं.

आतल्या बाजूला, सिस्टीम कॉलच्या वाटेवर, उत्तर एका व्हेरिएबलमधून येतं, एचआरटायमर_रेझोल्यूशन. हा आकडा चालू असताना ठरतो. कर्नल सुरू होतो तेव्हा तो एका टिक (कर्नलचा ठरलेला ठोका) एवढा असतो, म्हणजे सेकंदाला २५० टिक असतील तर ४ मिलिसेकंद, १०० असतील तर १०. पुढे हाय रेझोल्यूशन टायमर (टिकची वाट न पाहता बारीक वेळेला जाग आणणारे) चालू झाले की तोच आकडा १ होतो.

बाहेरच्या पानात, व्हीडीएसओमध्ये, हे व्हेरिएबल नाहीच. तिथे कर्नल बिल्ड होताना १ हा आकडा कायमचा कोरला गेलाय. हाय रेझोल्यूशन टायमर चालू आहेत का बंद, ते पान बघतच नाही. ज्या मशीनवर टायमर चालू असतात तिथे दोन्हीकडे १ येतो अन् वर्षानुवर्षं कोणाला पत्ता लागत नाही, जिथे बंद आहेत तिथे फाटतं.

ही चूक माहितीतली आहे. २०१९ मध्ये आर्म ६४ साठी पॅच (कोडमधली दुरुस्ती) गेला, त्यात ते व्हेरिएबल पानात आणून ठेवलं अन् कोरलेला १ काढून टाकला. पॉवरपीसी अन् एस३९० या दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरवर पण तोच प्रकार होता, तिथेही तसाच पॅच लागला. कर्नलच्या स्वतःच्या चाचण्यांमध्ये त्याच काळात एक चाचणी घातली गेली, ती दोन्ही वाटांनी विचारते अन् उत्तरं जुळतात का पाहते. माझा कर्नल त्याच्या आधीचा, विकणाऱ्याने पुढचं काही घेतलेलं नाही.

मला ही चाचणीची कल्पना फार आवडली. दोन्ही वाटांनी विचारायचं, बस. हीच तपासणी मी माझ्या प्रोग्रॅमच्या सुरुवातीला टाकली, उत्तरं वेगळी आली तर तो मोठ्याने सांगतो.

२१ एप्रिल

पुढचा प्रश्न : माझ्या बोर्डावर हाय रेझोल्यूशन टायमर बंद का? रूट (ॲडमिन) होऊन प्रॉक, म्हणजे कर्नल स्वतःची माहिती दाखवतो त्या फोल्डरमधली टायमर_लिस्ट फाईल उघडली. एचरेस_अॅक्टिव्ह : ०, म्हणजे बंद. प्रत्येक घड्याळाखाली रेझोल्यूशन ४०००००० नॅनोसेकंद. म्हणजे कर्नल इथे सरळ खरं बोलतोय, फक्त कोणी उघडून पाहत नाही. कुठल्याही बोर्डावर वेळेचं काम असेल तर आधी ही फाईल पाहा, माझा सगळा खटाटोप या एका ओळीने वाचला असता.

मग कर्नलला बूट होताना दिलेली ओळ पाहिली, प्रॉकमधली सीएमडीलाईन. लांबच लांब ओळ, डिस्प्लेचं, मेमरीचं, लोगोचं काय काय, अन् त्याच्या पोटात हायरेस=ऑफ, म्हणजे हाय रेझोल्यूशन टायमर बंद ठेव. कोणी का टाकलं असेल ते आता कळायला मार्ग नाही.

ते काढायला बूट.सीएमडी फाईल बदलली, रिबूट केलं, काही फरक नाही. पुन्हा पाहिलं, फाईलमध्ये बदल आहे पण चालू कर्नलच्या ओळीत हायरेस=ऑफ तसाच. या बोर्डांवर यू-बूट (कर्नल सुरू करून देणारा प्रोग्रॅम) ती फाईल वाचत नाही, तिच्यापासून बनवलेली बूट.एससीआर वाचतो, अन् ती एमकेइमेज कमांडने नव्याने बनवावी लागते. ती बनवली तेव्हा कुठे ओळ बदलली. एचरेस_अॅक्टिव्ह १, रेझोल्यूशन १ नॅनोसेकंद, दोन्ही वाटांचं उत्तर १.

काढायच्या आधी एक टेस्ट घेऊन ठेवली होती, ती इथे देतो कारण ४ मिलिसेकंदाचा खरा अर्थ तिथे दिसतो. हायरेस बंद असताना लूपमध्ये १ मिलिसेकंद झोप सांगितली की दरवेळी ४ मिलिसेकंदाला जाग यायची. २० सांगितले की २४. टायमर फक्त टिकच्या ठोक्यालाच पाहिला जातो, म्हणून पुढचा ठोका येईपर्यंत थांबणं आलंच. चालू केल्यावर १ मिलिसेकंदाची झोप १.०६-१.०७ ला मोडते, त्यातले ५० मायक्रोसेकंद कर्नल मुद्दाम ढील देतो, ते नॉर्मल आहे.

२३ एप्रिल

आता दोन्ही उत्तरं जुळली, पण प्रोग्रॅम परत ०.०००००२५ च दाखवतोय, अन् हे तर पहिल्यापासून पटत नव्हतं.

म्हणून घड्याळाला विचारणं सोडलं अन् घड्याळच मोजलं. लागोपाठ वेळ वाचायची, दोन वाचनातला फरक काढायचा, कोणता फरक किती वेळा आला त्याची यादी करायची. आलेले फरक : १२५, १६६, १६७, २०८, २०९, २५०. मधलं काहीच नाही. १३० नाही, १८० नाही. सगळे ४१.६७ च्या पाढ्यातले. कारण साधं आहे, या बोर्डावर घड्याळ चालतं ते २४ मेगाहर्ट्झच्या काउंटरवर, एका ठोक्याला ४१.६७ नॅनोसेकंद, त्याच्या आत कर्नलला काही दिसूच शकत नाही. बूटच्या मेसेजमध्ये हे लिहिलेलं पण आहे, शेड_क्लॉकच्या ओळीत, २४ मेगाहर्ट्झ, रेझोल्यूशन ४१ नॅनोसेकंद. एकाच कर्नलच्या तोंडून हा तिसरा आकडा.

अन् महत्त्वाचं म्हणजे हायरेस बंद असतानाची यादी पण हीच होती. वेळ वाचायचा टप्पा तेव्हाही ४१.६७ च होता. म्हणून तर १६ तारखेला चूक १० हर्ट्झ दाखवत असताना वाचन ४९.९७ बरोबर येत होतं.

म्हणजे क्लॉक_गेटरेस लिनक्सवर जो आकडा देतो तो टायमरबद्दलचा आहे, जाग किती बारीक वेळेला येऊ शकते त्याचा. वाचन किती बारीक आहे ते तो सांगतच नाही. १ म्हणाला तरी काउंटर १ नॅनोसेकंदाचा नसतो, ४० लाख म्हणाला तरी वाचन ४० लाखाचं नसतं.

घरी होतं त्यावर तपासून पाहिलं. रास्पबेरी पाय ३ : क्लॉक_गेटरेस १, बूट मेसेज ५२ नॅनोसेकंद, काउंटर १९.२ मेगाहर्ट्झ, फरक ५२ च्या पाढ्यात. पाय झिरो : क्लॉक_गेटरेस १, खरं घड्याळ १ मेगाहर्ट्झचं, फरक थेट १०००, २०००, म्हणजे सांगितलेल्यापेक्षा हजार पट जाड. जुना लॅपटॉप, त्याचा टीएससी (प्रोसेसरमधला काउंटर) कर्नलने अनस्टेबल ठरवून एसीपीआय पीएम या दुसऱ्या घड्याळावर टाकलेला : क्लॉक_गेटरेस १, ठोका ३.५८ मेगाहर्ट्झ, म्हणजे २७९ नॅनोसेकंद. चार मशीन, चार घड्याळं, अन् सगळ्यांचं उत्तर १.

एकट्या कोर्स (म्हणजे जाड) नावाच्या घड्याळांचं उत्तर खऱ्याला धरून आहे. क्लॉक_मोनोटॉनिक_कोर्सला विचारलं तर ४०००००० सांगतो, अन् वाचलं तर खरंच ४ मिलिसेकंदाच्या उड्या मारतो.

२४ एप्रिल

पॅच खरंच काम करतो का ते पाहायचं होतं म्हणून वेगळ्या कार्डावर ६.१ कर्नल टाकला अन् मुद्दाम हायरेस=ऑफ देऊन बूट केला. जीलिबसी बिल्ड ४००००००, मसल बिल्ड ४००००००. दोन्ही वाटा एक बोलल्या, बघून फार बरं वाटलं. पण त्या कर्नलवर बोर्डाचं वायफाय उठत नाही, ड्रायव्हर नाही, अन् चेंबरमध्ये वायफायशिवाय उपयोग नाही. म्हणून कामाला ४.९ च ठेवला, हायरेस चालू करून.

२७ एप्रिल

एक वेगळंच निघालं. रात्री लॉगमध्ये एका सायकलची वेळ उणे आली. वेळ उणे कशी जाईल. मोबाईलचा हॉटस्पॉट लागला त्याच क्षणी आहे हे.

४.९ मध्ये जीपीआयओच्या कडेवर कर्नल जो शिक्का मारतो तो क्लॉक_रिअलटाइमचा असतो, भिंतीवरच्या घड्याळाचा. नेट लागलं की क्रोनी (नेटवरून वेळ जुळवणारा प्रोग्रॅम) ते घड्याळ एकदम सरकवतो, अन् मधल्या सायकलचा बळी जातो. कर्नल ५.७ पासून हा शिक्का मोनोटॉनिक घड्याळाचा झाला, तो मागे जात नाही. म्हणून कर्नल बदलला तर त्याच प्रोग्रॅममधल्या आकड्याचा अर्थ बदलतो, हे धरून चाला. सध्या क्रोनीच्या सेटिंगमध्ये घड्याळ एकदम सरकवायला फक्त बूटनंतरच्या पहिल्या काही दुरुस्त्यांत परवानगी ठेवली, अन् घड्याळ जुळल्याशिवाय लॉगिंग सुरूच करायचं नाही असं केलं.

२९ एप्रिल

प्रोग्रॅममधून क्लॉक_गेटरेसवरचा हिशेब पूर्ण काढला. आता चूक अशी काढतो : सरकारी लाईनवर यंत्र लावायचं, तिथली फ्रिक्वेन्सी एका सायकलमधून दुसऱ्या सायकलमध्ये फारशी हलत नाही, मोठं ग्रीड आहे, तर आकड्यात जी थरथर दिसते ती जवळपास सगळी आपल्या यंत्राची. माझ्याकडे ती एका सायकलवर कमी-जास्त ०.०६ हर्ट्झच्या आसपास आली, म्हणजे साधारण २४ मायक्रोसेकंद. यात ऑप्टोकपलरची सावकाश पडणारी कड आहे अन् इंटरप्टला (पिनवरची खूण कर्नलपर्यंत पोचायला) लागणारा उशीर आहे. ४१ नॅनोसेकंद याच्यापुढे काहीच नाहीत, अन् तो १ तर त्याहून नाही. कर्नल काय म्हणतो याच्यावर विसंबून चूक छापली असती तर वीस हजार पटीहून जास्त खोटी छापली गेली असती, अन् तो कागद मी मिस्त्रीला दाखवणार होतो.

थरथर कमी करायला दहा सायकल एकत्र मोजल्या. पहिल्या अन् शेवटच्या कडेचीच चूक लागते, म्हणून ती दहाने भागली जाते, ०.००६. दबका पाहायला एकेक सायकल, स्थिर फ्रिक्वेन्सी पाहायला दहा-दहा, दोन्ही कॉलम ठेवले.

२ मे

जनरेटरवर लावलं. रिकामा चालतो तेव्हा ५१.८. पंखे लागले की ५१.२. कॉम्प्रेसर लागला की चौथ्या सायकलला ४६.३ पर्यंत खाली, मग वर येतो, पण ५० वर टेकत नाही, ४८.४ ते ४९.६ असा झुलत राहतो. हे झुलणं मल्टिमीटरवर ४९ दिसत होतं, स्थिर.

मिस्त्रीने यादी पाहिली अन् पहिला प्रश्न तोच विचारला, हे यंत्र बरोबर कशावरून. त्याला लाईनवरची थरथर दाखवली, ०.०६, अन् जनरेटरची झूल एका हर्ट्झच्या वर. मान हलवली त्याने. डिझेल फिल्टर बदलला, मग गव्हर्नरचा लिंकेज काढून साफ केला, एक सांधा अडत होता. परत मोजलं : कॉम्प्रेसर लागला की ४७.९, दीड सेकंदात ५०.१ वर येऊन थांबतो.

फिल्टर अन् मजुरी मिळून ९०० रुपये लागले. यंत्र आता पॅनेलच्या बाजूला डबीत कायमचं बसवलंय. ज्यांना असंच करायचंय त्यांनी बोर्ड हातात आला की एवढं आधी करा : टायमर_लिस्टमध्ये एचरेस_अॅक्टिव्ह पाहा, सीएमडीलाईनमध्ये हायरेस शोधा, शेड_क्लॉकची ओळ लिहून ठेवा, क्लॉक_गेटरेस लायब्ररीतून अन् सिस्कॉलने असा दोन्ही वाटांनी विचारा, अन् मग लागोपाठच्या वाचनांचे फरक काढा. दादाच्या शेजारच्या चेंबरवाल्याने पण एक मागितलंय, त्याच्यासाठी पाय ३ वापरतोय, तिथे वायफाय नव्या कर्नलवर चालतं.